नको असलेल्या नवऱ्याची वारस

९ फेब्रुवारी

कौटुंबिक न्यायालयात आज पुन्हा नुसती तारीख! न्यायाधीश रजेवर. बाकावर शेजारी येऊन बसला – नवरा. अजून नवराच म्हणायचं. पुढच्या वेळी घटस्फोटावर दोघांच्या सह्या झाल्या की सुटले!

म्हणाला, "खाली चहा घेऊ या? थोडं बोलायचं होतं."

"जे काय असेल ते वकिलांमार्फत."

"चहासुद्धा?"

मी मान फिरवली. चांगला ठेचला, असं वाटलं.

१० फेब्रुवारी

काय बोलायचं असेल? असो. मला काय!

२१ फेब्रुवारी

तो गेला. आपल्या चष्म्याच्या दुकानातच. गिऱ्हाइकाला काच दाखवता दाखवता कोसळला म्हणे. शेजारच्या शिंप्याने कळवलं.

गेले मी सासरी. जायला हवं की नको, हे विचारायला कोणी नव्हतं. दारात नणंद. "आता कशाला आलीस? सुटका हवी होती ना? झाली!" आत सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. नणंदेने तो सोडवला – "आई, गोळी घ्यायचीये तुला."

४ मार्च

कौटुंबिक न्यायालयातल्या कारकुनाने सांगितलं – "बाई, प्रकरण संपलं."

"आणि निकाल?"

"निकाल कसला? भांडायला समोर माणूस तर हवा!"

इतक्या वर्षांचं भांडण, एका ओळीत बंद. "मग आता मी कोण?" विचारलं खुळ्यासारखं. तो खाली बघून म्हणाला, "विधवा."

त्याच्यासाठी टिपूस गाळायचं नाही, असं ठरवलं होतं. जिन्यातच बसले.

६ मार्च

नणंदेने घराचं कुलूप बदललं. सासूबाईंना आपल्याकडे नेलं. माझं कपाट, माझं शिवणयंत्र अजून आतच.

वकीलबाईंनी समजावलं. घर मायलेकांच्या नावावर, अर्धं-अर्धं. त्याचा अर्धा वाटा कोणाला, हे वारसा न्यायालय ठरवणार. कुलूप उघडायचं तर दिवाणी न्यायालय. "नवरा नको होता तेव्हा पहिला मजला. नवरा गेला, आता तिसरा. कुलपासाठी तळमजला. जिना मात्र तोच!"

हसले. 

घर कशाला हवंय मला? हट्ट? तोही असेल. पण त्याचं काहीतरी माझं आहे, एवढं कोणीतरी म्हणावं! हे वकीलबाईंना कसं सांगायचं?

२ एप्रिल

वारसा न्यायालय. नणंदेच्या वकिलांनी माझाच घटस्फोटाचा अर्ज वाचून दाखवला. "एकत्र राहणे अशक्य." माझेच शब्द – परक्याच्या तोंडून, खणखणीत. कान झाकून घ्यावेसे वाटले.

वकीलबाई उठल्या. "सह्या झाल्याच नाहीत. कायद्याने त्या पत्नीच."

म्हणजे आमचा संसार टिकला तो एका राहिलेल्या सहीवर!

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं?"

"फेब्रुवारीत. चहाला चल म्हणाले होते."

"मग?"

मग काय! पदर डोळ्यांना लावला. त्यांनी पाणी द्यायला सांगितलं.

बाहेर नणंद भेटली. वाटलं, आता तोंडसुख घेणार. तिचेच डोळे सुजलेले. "भाऊ गेलाय गं माझा. ते घर डोळ्यांसमोर नको. विकून टाकू." सासूबाई बाकाच्या टोकाला बसून होत्या. त्यांना काय हवंय, हे कुठल्याच मजल्यावर कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

११ एप्रिल

स्वप्नात तो नुसता हसत होता.

१७ एप्रिल

वारस म्हणून माझं नाव लागलं. जिंकले! वकीलबाईंनी पाठ थोपटली. "आता कुलपाचा दावा लावू. त्याच्या अर्ध्यातलं अर्धं तुमचं, बाकी सासूबाईंचं."

भाड्याच्या खोलीवर आले. जेवणावर वासनाच नाही. कोणाला सांगायचं जिंकले म्हणून? ऐकून चिडायला तरी तो हवा होता.

१८ एप्रिल

सकाळीच बेल. दारात सासूबाई! एकट्या. हातात कपड्यांची पिशवी.

"लेकीला सांगून आलेय. ओरडली. ओरडू दे. पाव घर तुझं, पाऊण माझं म्हणे. मग आपण दोघींनी भांडायचं की राहायचं, ते तू सांग."

पिशवी आत घेतली.