पोराचा वारा

पिंपळी,
१२ जून १९९७

संघपालदादा,
करुणाचा जय भीम.

नाना गेल्यावर तू फोनवर आधी हेच विचारलंस, "पाणी उकळून देत होतात ना?" देत होतो दादा, प्यायचं पाणी रोज उकळूनच देत होतो.

तू नागपूरहून पाठवलेला कूलर नानांच्या खाटेला लागूनच असायचा. येईल त्याला म्हणायचे, "बसा की, माझ्या पोराचा वारा खावा." पण टाकीतलं जुनं पाणी सांडू द्यायचे नाहीत. "पानी काय फुकट येतंय व्हय?" म्हणत त्या शेवाळलेल्या पाण्यातच नवं ओतायचे.

नानांना पुण्याला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, न्यूमोनियाचे जंतू त्याच पाण्यातले, वाऱ्याबरोबर छातीत गेले. तुला मी म्हणाले, वय झालं होतं.

आता आई रोज म्हणते, "संघपालचा कूलर हाय, लाव की." मोटर जळाली म्हणून मी टाळलं. तिनं ते तुला कळवलं, आणि रविवारी तू नवी मोटर घेऊन येतोयस.

आज मी कूलर भंगारवाल्याला दिला. आई बोलत नाही. नानांची आठवण विकली म्हणून तू मला वाटेल ते बोलशील. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.

बोल, दादा.

तुझी,
करुणा