न पाहिलेली गाडी

२ ऑक्टो., गुरुवार. बॉथेल, अमेरिका
मुलगा मंदार, सून सायली कामावर, नात इरा शाळेत. घरात मी आणि फ्रिजचा आवाज. सकाळचे साडेनऊ, म्हणजे फ्रान्सात संध्याकाळचे साडेसहा. वेबसाइट बघून तिथल्या ब्लाँ-आर्झाँ रेल्वे लाइनची साडेसहाची गाडी, गेले दोन आठवडे घेतो तशी, आजही रजिस्टरला घेतली. रजिस्टर म्हणजे इराची जुनी वही, रकाने मी आखलेले. अकोला-खंडवा मीटरगेजवर स्टेशनमास्तर होतो, एकतीस वर्षं हेच लिहिलं. हात सुटत नाही. ही लाइनही मीटरगेज, शंभर वर्षांहून जुनी. आपले रूळ उखडले, ही चालते आहे म्हणून जीव लागला. पाहिलेली नाही. पाहणारही नाही बहुतेक.

५ ऑक्टो., रवि.
मंदारने ग्रीन कार्डाचे फॉर्म टेबलावर ठेवले. "बाबा, सही करून टाका. आई नाही, तिकडे अकोल्याला एकटे काय करणार?" इथे काय करतो ते विचारलं नाही. पुढच्या रविवारपर्यंत हवेत म्हणे, सोमवारी वकिलाकडे द्यायचेत.

८ ऑक्टो.
लाइनचं नाव दोन टोकांच्या गावांवरून पडलेलं. ल ब्लाँ आणि आर्झाँ. आता दोन्हीकडे गाडी जात नाही. मधला तुकडा तेवढा उरलाय, जंगलातून, तळ्यांच्या बाजूने. नाव मात्र तेच. इराला सांगितलं. "दॅट्स सो सॅड, आजोबा," म्हणाली आणि आयपॅड घेऊन वर गेली. सात मिनिटं बसली होती. मी घड्याळ बघत होतो, सवय.

९ ऑक्टो.
इराने वेबसाइटवर बोट ठेवलं. "आजोबा, दॅट्स अ बस." साडेसहाच्या पुढचं ते छोटं चित्र. मी डबा समजत होतो. म्हणजे तीन आठवडे त्या वेळेला बस जात होती आणि मी रोज लिहीत होतो, 'गाडी गेली, ऑल राइट'.
न पाहता गाडी रजिस्टरला घेतली. नोकरीत एकदाही केलं नाही. केलं असतं तर घरीच बसवलं असतं, आणि बरोबर केलं असतं.
इराची आजी असती तर हे ऐकून पोट धरून हसली असती. जेवण गेलं नाही.

१० ऑक्टो.
मंदार ऑफिसातून आला. जिना चढता चढता, "बाबा, ऑल राइट?" मी म्हटलं, "ऑल राइट." रोजचंच. तो वर जाऊन कॉलवर बसला.
आज कळलं, हा पण न बघताच 'ऑल राइट' लिहितो. आणि मी लिहू देतो. राग आला, त्याचा कमी, माझा जास्त.

१२ ऑक्टो., रवि.
मंदार पेन घेऊन आला. "ऑल राइट ना बाबा? सही करताय ना?"
"नाही," म्हटलं. "ऑल राइट नाही. दिवसभर मी कुणाशी बोलत नाही, मंदार. अकोल्यालाही कुणी नाही, ते मला माहीत आहे."
उभाच राहिला. मग पेन खिशात घातलं, फोन पालथा ठेवला, खुर्ची ओढली. माझी गाड्यांची वही मागितली. पहिल्या पानापासून वाचत गेला, एकेक गाडी.
"ही लाइन आहे कुठे, बाबा?"
नकाशा काढला. दुपारचे चार वाजले, दोघांचाही चहा राहिला.
फॉर्म टेबलावर तसेच. उद्या सोमवार. साडेसहाच्या नोंदीपुढे आज लिहिलं, 'पाहिली नाही'.