जापानी फळ धरलं

भांडुप (पूर्व)
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय जानू,

तुला आणि मिहिरला आशीर्वाद. आम्ही दोघं इथे बरे आहोत, तुम्हीही तिकडे डोंगरात सुखरूप असाल असं धरून चालते. पत्ता जुन्या कुरिअरच्या पाकिटावरून उतरवलाय. तुम्ही अजून त्याच घरात राहता का, मला ठाऊक नाही.

सात वर्षांनी आईचं अक्षर बघून घाबरू नकोस. वाईट बातमी नाही. तू पाठवलेल्या त्या जापानी फळाच्या, म्हणजे पर्सिमॉनच्या, झाडाला फळं धरलीत. अकरा होती, दोन काढली, आता नऊ आहेत. वरच्या फांदीवरची तीन तर चांगली केशरी झालीत. आपल्या तळमजल्याच्या मागे, भिंतीलगत तू सायकल ठेवायचीस ना, तिथेच आहे झाड. पोपट टोचतात म्हणून बाबांनी जुने बनियन फाडून एकेका फळाला पिशवी बांधलीय. वॉचमन म्हणतो, काका, टोमॅटोला कपडे घातले का?

गणपती पाच दिवसांचे झाले. कल्पिताआत्या येऊन गेली. बाबांना मागच्या ऑगस्टात दोन स्टेंट टाकले. बरे आहेत म्हणून वर लिहिलं ते खोटं नाही, पण स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबतात आणि मी विचारलं की चिडतात.

झाडाबद्दलच लिहिते. तुझ्या दोन काड्या शेवाळात गुंडाळून आल्या तो वीस सालचा जानेवारी. दोन महिन्यांत सगळं बंद झालं. बाबांचं साकीनाक्याचं वर्कशॉपही तेव्हाच कायमचं बसलं. पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस, घरात बसून बसून वेडा झाला असता. त्या काड्यांनी त्यांना वाचवलं. एक त्याच वर्षी पाणी साचून मुळाशी कुजली. दुसरी जोमाने वाढली, पानं तळहाताहून मोठी, पण फूल नाही. बाबा खत घालत राहिले. शेणखत, युरिया, कोणी सांगितलं म्हणून मासळी धुतलेलं पाणीसुद्धा. तेवीस साली फुलं आली आणि गळली. चोवीसला सुपारीएवढी फळं धरली, एप्रिलमध्ये आठवडाभरात सगळी खाली. बाबा वाकून एकेक उचलत होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते, आणि ती का गळली ते मला माहीत होतं. खत जास्त, आणि पाणी एक दिवस बादलीभर, तर पुढे चार दिवस थेंब नाही.

तुला वाटेल, हे सगळं तर मी काड्यांबरोबरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं.

जानू, ती चिठ्ठी मी बाबांना दिलीच नाही. काड्या नाहूरच्या नर्सरीतून आणल्या म्हणून सांगितलं. पाकीट आणि चिठ्ठी कपाटात, माझ्या साड्यांखालच्या कागदाखाली ठेवली.

का ते सांगायला मला त्याच्याही मागे जावं लागेल. तू निघून गेल्यावर तीन महिन्यांनी तुझा फोन आला होता. "गणपतीला आम्ही दोघं येऊ का?" मी म्हटलं, बाबा उंबरठा ओलांडू देणार नाहीत. बाबा तेव्हा आंघोळीला गेले होते. ते असं कधीच म्हणाले नव्हते. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, कोणाचा फोन? मी सांगितलं, बँकेचा. पुढे तू नंबर बदललास, तेव्हा मी त्यांना म्हटलं, तिला आता आपली गरज नाही, तसं तिने सांगितलंय.

मला राग होता गं. आम्ही ठरवलेल्या लग्नाला बारा दिवस राहिलेले, आणि तू चिठ्ठी ठेवून मिहिरबरोबर गेलीस. पत्रिका मी वाटल्या होत्या. लग्न मोडलं हे सांगायला त्याच दारांत पुन्हा मीच गेले. बाबा घराबाहेर पडले नाहीत. एका बाईने माझ्या तोंडावर हसून दार लावलं. राग वर्षभराने उतरला असेल, पण तोवर खोटं बोलून झालं होतं. काड्या आल्या तेव्हा तुझी चिठ्ठी वाचून मी घाबरले. ती त्यांच्या हातात गेली असती तर त्यांनी त्याच दिवशी तुला गाठलं असतं, आणि मी काय बोलले होते ते दोघांनाही कळलं असतं.

गेल्या डिसेंबरात बाबा करवत घेऊन झाडापाशी उभे राहिले. "हय ह्याका थंडी खंय गावतली? कापून टाकतंय." मी म्हटलं, थांबा. वरची श्वेता सांगत होती, खत बंद करा, महिनाभर पाणी तोडा, पानं हाताने काढून टाका. झाडाला वाटतं थंडी आली, ते झोपतं, मग फुलतं. फळ धरलं की पाणी थोडं, पण रोज. तुझे शब्द श्वेताच्या नावावर दिले. ती दुसऱ्या मजल्यावर नवी राहायला आलीय. बाबांनी दोन दिवस स्टुलावर चढून एकेक पान खुडलं. स्टूल मी धरलं होतं.

मार्चमध्ये फुललं. एप्रिल गेला, मे गेला, फळं टिकली. मी रोज सकाळी उठून आधी ती मोजायची.

मागच्या सोमवारी बाबांनी दोन पिकलेली फळं काढली आणि माझ्या नकळत श्वेताला द्यायला गेले. ती म्हणाली, "काका, मी सांगितलं? माझ्याकडे मनी प्लांटसुद्धा जगत नाही हो." ते खाली आले. "झाडाचा तुका कोणी सांगितल्यान?" मी म्हटलं, मग कल्पिता म्हणाली असेल. पण आणखी एक खोटं मला सोसवेना. उठून कपाट उघडलं.

त्यांनी चिठ्ठी खिडकीपाशी नेऊन तीनदा वाचली. शेवटी तू लिहिलं होतंस, 'बाबा, फळ धरलं की मला कळवा, मी लगेच येईन. कळवलं नाहीत तर मी नकोय असं समजेन.'

"ह्या कधी इला?"

"वीस साली."

"माका कित्याक नाय दाखवलंस?"

मग मी फोनचंही सांगितलं. बँकेचंही. वाटलं, ओरडतील, छातीत दुखेल, काय होईल. ओरडले नाहीत. पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "माका वाटला, तिनाच आमका तोडल्यान."

सहा दिवस झाले, चहा स्वतःचा स्वतः करून घेतात. काल एकच बोलले. "तूच लिही तिका. सगळा लिही. माझ्या नावान काय खोटा घालू नको." आणि शेजारच्या निलेशला चंदीगडचं तिकीट काढायला सांगितलंय, पुढच्या महिन्याच्या दोन तारखेचं. पुढे बसने घाट चढून तुमच्याकडे येणार. डॉक्टर नको म्हणतात. ते ऐकत नाहीत. म्हणतात, कळवायला आधीच उशीर झालाय, आता जाऊनच सांगेन.

मला फार भीती वाटते. त्या घाटात त्यांना काही झालं तर? तुम्ही तिथे नसालच तर? तुला मूलबाळ आहे का, हे विचारायलाही मला तोंड नाही.

त्यांना फोन कर. नंबर तोच आहे. शक्य असेल तर तूच ये. नसेल, तर ते तू स्वतः त्यांना सांग, आणि घाट चढू नका म्हणून सांग. तुझं ते ऐकतील. मला फोन करू नकोस, माझ्याकडे निरोप ठेवू नकोस. मी सांगितलेला निरोप या घरात आता कोणी खरा मानणार नाही, आणि ते बरोबर आहे.

हे पत्र बाबांनी वाचलंय. एक शब्दही खोडला नाही. पोस्टात टाकायला मात्र ते स्वतः जाणार आहेत. माझ्या हाती देत नाहीत.

खाली आई लिहायला गेले, पण ते तू म्हणशील तेव्हा.

सुगंधा