लांडग्यांची नावं

सोम., ६ जाने.
गॅदरिंग २६ ला, झेंडावंदनानंतर. चौथीचं नाटक माझ्याकडे. तयार संहिता नको म्हटलं, स्वतःच लिहिलं. डोंगरावर वाघ, तो कधी दिसत नाही. पडद्यामागे असतो म्हणे. त्याचे चार लांडगे खाली येऊन हुकूम सांगतात, सगळ्या शेळ्यांनी एकाच सुरात ओरडायचं. एका करडाचा आवाज घोगरा, त्याला ते जमत नाही.
वर्गात विचारलं, लांडगा कोण होणार? जवळजवळ अख्ख्या वर्गाचे हात वर. करडू कोण? एकही नाही. शेवटी प्रेरणाला विचारलं, कारण ती कशालाच हात वर करत नाही. तिनं मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. हो धरलं.

बुध., ८ जाने.
कर्जतहून पुठ्ठा आणला. ह्यांनी एकाच साच्यावर चार मुखवटे कापून दिले. करडा रंग, वर गेलेल्या भुवया. मु.अ. जगताप सर बघून खूश. "झकास. कोण कुठला ओळखूच येत नाही."
लहानपणी ऐकलेल्या गोष्टी आठवत बसले. राजाला नाव असतं, सशाला असतं. मधल्या ह्या गड्यांना कधीच नसतं. येतात, दात काढून हसतात, मारतात, शेवटी पळून जातात. पळून कुठं जातात, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

शुक्र., १० जाने.
वाईट झालं. मधल्या सुट्टीत खिचडीच्या रांगेपुढे चारही लांडगे उभे. मुखवटे माझ्या कपाटात, तरी. दुसरीच्या पोरांना म्हणे आधी बें करायचं, मग ताट पुढं. सगळ्यांनी केलं. प्रेरणाला सांगितलं, तिनं केलं नाही. रिकामं ताट घेऊन उभी राहिली, मग तशीच वर्गात जाऊन बसली. खिचडी वाढणाऱ्या काकूंनी मला सांगितलं, तोवर सुट्टी संपलेली.
सगळ्यात पुढे सानिका. एरवी फळ्यासमोर उभी केली तरी जिचा आवाज निघत नाही ती. "बाई, आमी नाटकाचीच प्रॅक्टिस करत हुतो."
लिहिलेलं तर मीच.

शनि., ११ जाने.
प्रेरणाची आई आली. कांदा खुरपायला निघालेली, वाटेत थांबली. चिडली असती तर बरं वाटलं असतं. "पोरगी म्हणती साळंत न्हाई जायचं. नाटक बंद करा आसं न्हाई म्हणत मी. पर तिला येकटी नका ठिवू बाई."
सर म्हणाले, कशाला ती झंझट, लेझीम बसवा. बुधवारपर्यंत वेळ मागितला. बरं म्हणाले, पण तोंड वाकडं.

सोम., १३ जाने.
चौघांना बाजूला घेतलं. रागवायचं ठरवून गेले होते. त्याऐवजी विचारलं, तुझ्या लांडग्याचं नाव काय? एकमेकांकडे बघायला लागले. आदित्य म्हणाला, "लांडग्याला कुटं नाव आस्तं बाई?"
म्हटलं, संक्रांतीच्या सुट्टीत ठरवून या. नाव काय, घरी काय करतो, कुणाला भितो.
उपयोग होईल का, देव जाणे. प्रेरणा आजही आली नाही.

बुध., १५ जाने.
आदित्यचा लांडगा बंटी, विजेला भितो. रोहनचा गोट्या, बोरं चोरून खातो, मांस आवडत नाही. समर्थचा लांडगा नुसता लांडगाच, पण त्यानं वाघ पाहिलेला नाही. हे त्यानं आपणहून सांगितलं.
विचारलं, मग हुकूम वाघाचा आहे हे तुला कुणी सांगितलं? बोट आदित्यकडे. आदित्यनं रोहनकडे दाखवलं. रोहननं सानिकाकडे. सानिकानं मागं वळून बघितलं. मग म्हणाली, "मला कुनीच न्हाई सांगितलं. मी आपली पुढं हुते म्हनून."
वर्ग हसला. मागच्या बाकावरून प्रेरणाही. (आज आली. आईनं हात धरून आणली.)
हे सगळं जसंच्या तसं नाटकात घातलं. सरांना म्हटलं, लेझीम दुसरीला द्या, नाटक होणार.

शनि., १८ जाने.
मुखवटे आपापले रंगवा म्हटलं. बंटीला लाल कान, गोट्याच्या तोंडाला बोराचा रंग. ह्यांचा सुबक साचा पार गेला, जरा फुगले होते. सर म्हणाले, "शिस्त दिसत नाही."
दुपारी रांगेत सानिकानं प्रेरणासाठी जागा धरली. प्रेरणा तिथं गेली नाही, शेवटी जाऊन उभी राहिली. बरोबरच आहे तिचं. माफी माग म्हणून मी सानिकाला सांगितलेलं नाही. सांगून मागितली तर तो माझा हुकूम.

मंगळ., २१ जाने.
शिक्षकांच्या ग्रुपवर सरांचा मेसेज, २६ ला सर्व मॅडमनी केशरी साडी. आम्ही तिघींनी अंगठे दाबले. मीही. दाबल्यावर लक्षात आलं, हेही बेंच. एकटीच हसले.

रवि., २६ जाने.
झालं. आत्ता घरी आले, पाय दुखतायत.
अर्धं नाटक सरळ. प्रेरणाचा घोगरा आवाज माईकवर घुमला, बायका हसल्या, ती थांबली नाही. मग बोटं दाखवायचा प्रसंग. समर्थ, आदित्य, रोहन, सगळी बोटं सानिकाकडे. मी कडेनं तिचं वाक्य पुटपुटले, एकदा, दोनदा. तिनं मुखवटा डोक्यावर सरकवला, वळली आणि जाऊन मागचा पडदाच ओढला. हे मी लिहिलेलं नव्हतं.
मागं दुसरीची पोरं लेझीम मांडीवर घेऊन बसलेली, पुढचा नंबर त्यांचा. खिचडीच्या रांगेत ओरडायला लावलेली तीच. सानिकानं विचारलं, "वाघ कुटंय?"
त्यातला सगळ्यात बारका म्हणाला, "हितं न्हाई. आमीच हाये."
पटांगण हसून हसून लोळलं. कुणीतरी पोर बें ओरडलं, मग सगळीच, ज्याच्या त्याच्या आवाजात. सर आधी गोंधळले, मग तेही हसले. प्रेरणाची आई उभी राहून बघत होती, पदर तोंडाला.
शेवटची चार वाक्यं राहूनच गेली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

बुध., २९ जाने.
प्रेरणा रोज येते आहे. खिचडी अजून एकटीच खाते. सानिका वर्गात तिच्यापासून दोन पोरी सोडून बसते, जवळ नाही, लांबही नाही. रोहनला काल पाचवीच्या पोरांनी ढकललं. बाकीचे तिघे लांडगे मध्ये पडले, की आणखी काही झालं, नीट कळलं नाही. विचारायला हवं.
आज शाळा सुटल्यावर प्रेरणा टेबलापाशी येऊन उभी. "बाई, पुढच्या येळी मी लांडगा होऊ?"
कशाला गं, म्हटलं. तिनं खांदे उडवले. दारात सानिका चपला घालत होती, वर न बघता म्हणाली, "होऊ द्या की बाई."
बघू म्हणाले. दोघी गेल्या, एक पुढं, एक मागं. काय सांगायचं तिला? अजून ठरत नाहीये.