सत्यजीत नर्सरी डॉट कॉम

॥ श्री ॥
केंदूर, ता. शिरूर
९ जून २०२४

चि. सौ. सगुणास, दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. पण फोनवर मला आता निस्ती खरखर ऐकू येती. तुझी वहिनी होती तवा फोन ती घ्यायची आन् समोरचं बोलणं मला वरडून सांगायची. ती गेल्यापासनं कुणाचाबी फोन आला की मी आपला व्हय व्हय म्हणतो. परवा एकाला मिरचीच्या रोपांचं व्हय म्हणलो, त्याला पाहिजे होता झेंडू. टेम्पो घेऊन आला आन् माझ्यावरच डाफरला.

म्हणून नर्सरीची वेबसाईट काढायची म्हणतोय. लोकांनी काय पाहिजे ते लिहूनच पाठवावं. तुझी अपेक्षा कंप्युटरवर हेच काम करती ना, तिला सांग, मामाचं काम आधी. नाव सत्यजीत नर्सरीच. गावात चार जण म्हणतात, पोरगा घर सोडून गेला, आता बोर्ड तरी बदला. त्यांच्या बापाचं काय जातंय? पोराच्या नावानं धंदा काढला, मी हाय तवर त्याच्याच नावानं चालंल.

शेवटाला मात्र डॉट कॉमच पाहिजे, एवढं तिला बजाव. सत्यजीत इथं होता तवा डॉट कॉम, डॉट कॉम हेच त्याच्या तोंडात असायचं. कवातरी घराची आठवण येऊन त्यानं नाव शोधलंच, तर तो तेच टाकील. तवा त्याला आपण सापडलो पाहिजे.

भाकरी टाकायची हाय, उठतो. एकट्यापुरतं करायचं म्हंजी पीठ मळायलासुद्धा हात उचलत न्हाई. दाजींना रामराम. भावाची आठवण ठेव.

तुझा दादा,
हौसराव


केडगाव, ता. दौंड
२१ जून २०२४

ती. दादास, सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

पोस्टमननं पत्र दिलं तवा मी घाबरलेच. आजकाल पत्र येतं ते बँकेचं न्हाईतर कोर्टाचं. झेंडूवाल्याचं वाचून हसले आन् भाकरीपाशी आल्यावर रडू आलं. तुला किती म्हणलं, चार दिवस इकडं येऊन ऱ्हा. पण तुझी रोपं काय तुला सोडत न्हाईत.

अपेक्षानं लगेच बघितलं. डॉट कॉम कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय. ती म्हणली, मामाला डॉट इन घेऊ, न्हाईतर डॉट भारत, त्यात आख्खं नाव मराठीत लिहिता येतं. मी म्हणलं, मामा हट्टी हाय, त्याला दुसरं चालायचं न्हाई. मग कुणी घेतलंय ते तिनं उघडून बघितलं. दादा, बसून वाच. पान सगळं कोरं हाय. वर नर्सरीचं नाव, आन् खाली आपल्या सत्यजीतचा नंबर.

तिनं तिथल्या तिथं त्याला फोन लावला. माझ्या बांधावर तुझं चालायचं न्हाई, असं तू त्याला गिऱ्हाइकांदेखत म्हणलास आन् तो घर सोडून गेला, त्याच्या आदल्याच आठवड्यात त्यानं ते घेतलं होतं म्हणे. तुला दाखवणार होता, ते ऱ्हाऊनच गेलं. तवापासनं दरसाल पैसे भरून ते चालू ठेवतोय. वहिनीच्या दहाव्याला आला तवाबी दोघं दोन दिशेला तोंडं करून बसलात, आन् तो तसाच परत तिकडं तमिळनाडूत, होसूरला गेला. काय म्हणावं तुम्हा बापलेकांना! मी त्याला पत्र लिहायला सांगितलंय. फोनवर तू पुन्हा व्हय व्हय करशील.

वेळेवर जेवत जा, आन् रागावलास तरी लिहीत जा.

तुझी,
सगुणा


होसूर
६ जुलै २०२४

ती. आबांस, सत्यजीतचा शि. सा. न.

आत्यानं सांगितलं म्हणून लिहितोय. पत्र कसं लिहितात तेच विसरलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बरा आहे. कंपनीतून खोलीवर आलो की बोलायला कुणी नसतं. इथली भाषा अजून येत नाही, दुकानात बोट दाखवूनच सामान घेतो. तुम्ही कानाला मशीन का लावत नाही? आईनं किती वेळा सांगितलं होतं.

ते डॉट कॉम मी तुमच्यासाठीच घेतलं होतं. आता तुम्हाला लागतंय, तर माझ्याकडं ठेवून काय करू? अपेक्षाकडं एक कोड पाठवतो. तिनं तो टाकला की ते तुमच्या नावावर होईल आणि माझं नाव निघून जाईल. माझी काही हरकत नाही.

तब्येतीला जपा. इतकंच लिहितो.

तुमचा,
सत्यजीत


केंदूर
१५ जुलै २०२४

चि. सत्यजीत यास, आबाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेडनेटमधी उभं राहूनच वाचलं, मग परत वाचलं. माझं नाव निघून जाईल, माझी काही हरकत नाही. बाबा, हे मी पहिल्यांदा वाचत न्हाई. तुझ्या चुलत्यानं हक्कसोड लिहून दिलं, त्यातबी हेच होतं. शिरूरला जाऊन सही केली, पेढा खाल्ला, आन् सातबाऱ्यावरनं त्याचं नाव निघालं. तवापासनं तो ना दिवाळीला आला, ना जत्रेला. बोलावलं की म्हणायचा, आता तिथं माझं काय हाय?

तू कोड पाठवू नको. रविवारी अपेक्षा इथं आली होती, तिलाबी सांगितलंय, आला तरी टाकायचा न्हाई. ती हसली. म्हणली, मामा, ही काय जमीन न्हाई, इथं हक्कसोड नसतं. नसंल. मला वेबसाईटमधलं काय कळत न्हाई, पण नाव निघणं म्हंजी काय ते चांगलं कळतं.

मी डॉट इन घेतलंय. रोप चांगलं असलं की गिऱ्हाईक कुठूनबी येतंय. डॉट कॉम तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. त्याचे पैसे दरसाल तूच भरायचे, मी भरणार न्हाई. ते अजून तुझ्याकडंच हाय का, हे अपेक्षाला दर वर्षाला एकदा बघायला लावणार हाय. ते कुणाला मिळत न्हाई असं ती म्हणली की मी समजंन, पोराचं अजून इथं काहीतरी हाय.

सत्या, घर खायला उठतं रे. तरी ये म्हणून लिहीत न्हाई, तुझं तू बघ. फक्त ते सोडू नको.

तुझा,
आबा