लाल केबल आणि मधल्या खोलीतली वाहतूक

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे सध्या पाच अंगांवर भागवलं आहे, उरलेली तीन समक्ष भेटीत.) तुझी सर्दी, भाऊजींची कवळी आणि तुमचा तो उद्धट बोका, तिघांचंही बरं असेल. इकडे बरं नाही. तू पुढच्या महिन्यात बाबांना कायमचं न्यायला येणार आहेस, त्याऐवजी या रविवारीच ये. मी हात टेकले.

झालं असं की मी कॉम्प्युटरला दिव्यांच्या केबली बसवल्या. का, ते विचारू नकोस. बायकोने विचारून झालंय. डब्याची एक बाजू काचेची, आतल्या वीज नेणाऱ्या केबली काळ्या नि मरगळलेल्या, त्या जागी हवा तो रंग देता येणाऱ्या केबली घालाव्यात एवढीच हौस. दुकानदार म्हणाला, दहा मिनिटांचं काम. अख्खी सकाळ गेली. कॉम्प्युटर चालूच होईना म्हणून मी तो तीनदा सोडवून पुन्हा जोडला, मग बायको आली आणि तिने मागचं बटण दाबलं. (आणि ती सरळ कणीक मळायला परत गेली, हे जास्त लागलं.) रंग मी निळा निवडला होता, आला लालभडक, आणि काही केल्या हलेना, कारण रंग बदलायची बारीक वायर मी भलतीकडेच खोचली होती.

तेवढ्यात बाबा चहाला म्हणून खोलीतून निघाले. तुला माहीत आहेच, छत्तीस वर्षं सिग्नलच्या केबिनमध्ये काढलेला माणूस, निवृत्तीनंतर दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि 'हं'पलीकडे शब्द नाही. ते मधल्या खोलीच्या उंबऱ्यात थबकले. मी म्हटलं, बाबा, शोभेचे दिवे आहेत. "लाल म्हणजे लाल," बाबा म्हणाले, आणि पाऊण तास तिथेच उभे राहिले. पलीकडून ट्रे घेऊन निघालेल्या सुनेलाही त्यांनी हात दाखवून थांबवलं. चहावर साय धरली.

मी घाईघाईने वायर नीट लावली, तिथेच चुकलो. हिरवा मिळतो हे कळताच बाबांनी माझी खुर्ची आणि माउस ताब्यात घेतला. आता स्वयंपाकघर ते न्हाणीघर सगळी वाहतूक त्यांच्या हाती आहे. वहीत नोंदी होतात ('८.१०, सून, वेळेवर'). काल मला पोट धरून अकरा मिनिटं लालवर उभं केलं, कारण समोरून धुण्याची बादली येत होती. परवा चुकून जांभळा लागला; त्याचा नियमच नाही म्हणून तासभर घर जागच्या जागी. माझे घरांचे नकाशे तसेच पडलेत. ये आणि घेऊन जा.

तुझा,
धाकटा

ता. क. रविवारी येऊ नकोस. रात्री जेवताना बाबा दीड तास बोलले. धुक्यात अडकलेल्या मालगाडीची गोष्ट सांगताना इतके हसले की ठसका लागला. ताई, मी ते हसणं विसरलो होतो. त्यांना नेऊ नकोस गं.

ता. क. भेटायला मात्र नक्की ये, आणि केबलींचा आणखी एक संच आण. ओट्यापाशी वळण आहे, पलीकडचं दिसत नाही.

ता. क. पत्र चार दिवस दाराशी रोखलं होतं. आज सुटलं. खालचं अक्षर ओळखशीलच.

*पत्र तपासले. पहिला परिच्छेद रद्द. पुढे जाऊ द्यावे.*