तळाला टेकलेला पाइप

शनिवार, सकाळ

दादा,

तुला आणि वहिनीला नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे. ठीक काहीही नाही, आणि त्याला कारण तू आहेस.

वाफेच्या लाइनचा सांधा फुटून जो ऑपरेटर भाजला, त्याला काल भेटून आले. चमचा धरता येतो, बटणं लावता येत नाहीत. मला म्हणाला, "ताई, तुमच्या मिस्टरांवर माझा राग नाही." म्हणजे तू लिहिलेला अपघाताचा अहवाल त्याच्या खाटेपर्यंत पोचलाय.

मीही वाचला. 'पाइपचं टोक आणि सॉकेटचा तळ यांत मोकळी जागा आढळली. वेल्डरने पाइप पूर्ण बसवला नाही.' खाली मानकाचा आधार: पाइप सॉकेटच्या खोबणीत तळापर्यंत घालावा. शाब्बास! पुढचं वाक्य कुठे गेलं रे? वेल्ड करण्याआधी तो साधारण दीड मिलिमीटर मागे घ्यावा, हे कोणी गिळलं? तापला की पाइप वाढतो. जागा नसेल तर वेल्ड तडकतो. मीही वेल्ड तपासूनच पोट भरते. मला शेंडी लावू नकोस.

सांधा फुटला तो लाइन थरथरत होती म्हणून, आणि ती थरथरत होती, कारण ड्रॉइंगमध्ये सांध्याजवळच्या वळणाखाली आधारच दाखवलेला नाही. ड्रॉइंगवर सही कोणाची, ते मी लिहीत नाही.

ह्यांच्या वेल्डिंगच्या पहिल्या परीक्षेला तूच परीक्षक होतास. पाइप तळाला टेकला म्हणून नापास केलंस, नमुना उभा कापलास आणि त्यावर रंगाने लिहिलंस, 'टेकला. नापास.' खाली सही. पुढे आमचं लग्न ठरलं तेव्हा तोच तुकडा चकचकीत करून ह्यांना भेट दिलास. जेवायला बसलो की तुझं ठरलेलं, "भावोजी, जरा मागे सरा, दीड मिलिमीटर!" सगळ्यांत मोठ्याने हेच हसायचे.

सोमवारच्या चौकशीत ह्यांचं वेल्डरचं प्रमाणपत्र जाणार. मला वाटलं, हे भांडतील. छे! "दादांनीच शिकवलं. दादा म्हणतात चुकलं, तर चुकलंच असेल," म्हणतात आणि स्वतःच्या हातांकडे बघत बसतात. खोटा अहवाल एक वेळ पचवला असता मी. पण ज्याने आयुष्यभर तुझा शब्द खरा मानला, त्यालाच पुढे ढकललंस? लाज कशी वाटली नाही तुला?

काल मला म्हणाले, "तो तुकडा फेकून दे. कोणाच्या हाती लागला तर दादांची पंचाईत होईल."

फेकला नाही. माझ्या पिशवीत आहे, डब्याशेजारी. सोमवारी अहवाल तू स्वतः मागे घेतलास, तर तो परत घरी फडताळात जाईल. नाही घेतलास, तर तुझी सही वर येईल असा चौकशीच्या टेबलावर ठेवीन. मग हे माझ्याशी बोलणार नाहीत, ते मला ठाऊक आहे. चालेल.

आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझीच
(हे सवयीने लिहिलं गेलं. सोमवारपर्यंत खोडत नाही.)

छोटी